कातळाखालचा श्वास

सकाळचे साडेआठ वाजले होते आणि कातळावर पाऊल ठेवायला जागा नव्हती. जाळी दुरुस्त करणाऱ्या बाया, बर्फाच्या कारखान्यातले कामगार, टपालवाला, रजा टाकून आलेले कारकून, काठी टेकत आलेले म्हातारे, सगळे एकमेकांना खेटून उभे होते आणि कुणी चकार शब्द काढत नव्हतं. एवढी माणसं एका जागी जमून इतकी गप्प राहिलेली त्या गावानं कधी पाहिली नव्हती.

कातळाच्या कडेला पाण्यात उतरणाऱ्या जुन्या दगडी पायऱ्या होत्या. सगळ्यात वरच्या पायरीवर खुर्ची आणि खुर्चीत दर्याबुवा. अंगात पायघोळ निळा झगा, हातात भोंगा, नजर लांब समुद्रावर. शेजारी एक जुनं लाकडी वल्हं टेकवून ठेवलेलं.

"इंजिनवाल्या!" बुवांनी भोंग्यातून हाक दिली. "तुझी बायको आली आहे रे! ऐकतोस ना? ऐकत असशील तर श्वास सोड!"

लोकांनी आपले श्वास रोखून धरले. एक क्षण, दोन क्षण. आणि मग थेट पायाखालून, कातळाच्या पोटातून आवाज आला. हुऽऽऽस. एखादं अजस्र जनावर झोपेत उसासा टाकतं तसा. शेवटच्या पायरीजवळचं पाणी फुगलं, पांढरं झालं, हजारो बुडबुडे उसळून वर आले आणि पुढच्या रांगेतल्या लोकांच्या तोंडावर गार, खारट हवा आली.

"आहे! माझा माणूस आहे!" असं म्हणत एक बाई मटकन खाली बसली.

ती इंजिनवाल्याची बायको. तिच्या मागे तिला सावरत उभी होती तिची नणंद, म्हणजे इंजिनवाल्याची धाकटी बहीण. गाव तिला बुडबुडेबाई म्हणायचं. ती मत्स्यबीज केंद्रात कामाला होती. माशांच्या पिल्लांच्या चाळीस टाक्यांना अखंड हवा पुरवायची हे तिचं काम. पंप, नळ्या, टाकीच्या तळाशी बुडवलेले सच्छिद्र हवेचे दगड, यांतच तिची बारा वर्षं गेली होती. नाव थट्टेनं पडलं होतं. तिलाही ते आवडायचं.

चार आठवड्यांपूर्वी इंजिनवाल्यासह सहा माणसं घेऊन मासेमारीला गेलेली बोट परत आली नव्हती. दोन फळकुटं आणि एक रिकामं पिंप तेवढं किनाऱ्याला लागलं. माणूस एकही सापडला नाही. नवव्या दिवशी गावात दर्याबुवा उगवले. ते म्हणाले, "कोण म्हणतं ते गेले? समुद्रानं त्यांना ठेवून घेतलंय. वायू हा जिवाचा पत्ता असतो. पत्ता बदलला म्हणून माणूस मरत नाही!" आणि त्यांनी सगळ्यांना या कातळावर आणून तो श्वास ऐकवला.

आता बुवांनी वल्ह्याचं पातं पाण्यात सोडलं आणि दांडा बुडबुडेबाईच्या वहिनीच्या कानाशी धरला. ती डोळे मिटून ऐकत राहिली. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. चार आठवड्यांत तो असा झालेला नणंदेनं पाहिला नव्हता.

"वन्सं," ती पुटपुटली, "बोलतोय. शब्द लागत नाहीत, पण आवाज त्याचाच. तुम्हीपण ऐका ना."

बुडबुडेबाईनं दांड्याला कान लावला. तिलाही ऐकायचंच होतं. तिचा दादा होता तो. शाळेत सोडायला येणारा, पहिला पगार झाल्यावर तिला छत्री आणणारा दादा. तिनं डोळे मिटले.

आत खरोखरच कुणीतरी बोलत होतं. कुजबुज, गुणगुण, मध्येच एखादा घोगरा हुंकार, मध्येच बारीक किणकिण. पुष्कळ माणसं बंद दाराआड हलक्या आवाजात बोलतात तसं. आणि त्याच क्षणी तिला कळलं की हा आवाज आपल्या ओळखीचा आहे.

दादाचा नाही. टाक्यांचा.

केंद्रात कुठल्या टाकीचा हवेचा दगड तुंबलाय हे बघायला ती एक लाकडी दांडकं पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाला कान लावायची. दगड नीट चालत असला की असंच ऐकू यायचं. बुडबुडा सुटताना वाजतो, मोठा घुमतो, बारीक किणकिणतो, आणि हजारो एकदम सुटले की ऐकणाऱ्याला वाटतं माणसं बोलताहेत. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ती स्वतः घाबरून बाहेर पळाली होती.

तिनं कान काढला. बुवा तिच्याकडेच बघत होते.

"ऐकू आलं, मुली?"

"आलं," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते.

"तुझ्या मनात शंका दिसते. शंका म्हणजे भोक. भोकातून श्वास गळतो. तुझ्यामुळे तुझ्या भावाचा श्वास गळेल हो!"

लोकांनी वळून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरा तिला घरापर्यंत पाठीवर जाणवत राहिल्या.

*

घरी वहिनीनं नेहमीप्रमाणे तीन ताटं वाढली. तिसऱ्या ताटावर झाकण ठेवलं. खिडकीत बंदर कार्यालयाचं पत्र तसंच पडलेलं होतं. चौकशी अधिकारी बाई शहरातून आल्या होत्या, येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत सहा घरांच्या वारसांनी आपापले जबाब द्यावेत, नाहीतर वादळामुळे अपघात अशी नोंद करून प्रकरण बंद होईल, असं त्यात लिहिलं होतं.

"वहिनी, आज तरी जाऊ या ना कार्यालयात. पंपाचं सांगायला हवं."

पंपाचं म्हणजे बोटीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाचं. दादा दोन महिने घरी कुरकुरत होता. पंप बंद पडलाय, बादलीनं पाणी उपसतो आम्ही, मालक म्हणतो पुढच्या फेरीला बघू. त्या दोन महिन्यांत बोट सात वेळा समुद्रात गेली होती.

वहिनीनं मान हलवली. "जबाबावर काय लिहायचं असतं ठाऊक आहे ना? मयताचं नाव. बुवांनी सांगितलंय, कागदावर मेला म्हणून लिहिलंत की दोर तुटला. बाकी पाच घरांनीही नाही म्हणून कळवलंय. मी माझ्या हातानं त्याला मारू?"

"आणि बुवांना राहायला जागा कुणी दिली?"

"मालकांनी. त्यांच्या जाळ्यांच्या गोदामात. भला माणूस म्हणून दिली."

"भोंगा कुणाचा? ती खुर्ची कुणाची?"

"वन्सं," वहिनी हळू आवाजात म्हणाली, "माझ्याकडे आता तेवढाच एक आवाज उरलाय. तो तरी राहू द्या."

बुडबुडेबाईनं ताट बाजूला सारलं आणि ती कामावर निघून गेली.

केंद्राच्या भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता टांगलेला होता. टाक्यांसाठी समुद्राचं पाणी भरतीला ओढून घ्यावं लागे, म्हणून तो रोज बघावा लागायचा. त्या दिवशी बघता बघता तिचं बोट थांबलं. बुवांची वेळ आज साडेआठ होती. काल पावणेआठ, परवा सात. रोज पाऊण तासानं पुढं. लोक म्हणत, समुद्र बुवांच्या कानात वेळ सांगतो. वेळ सरकत सरकत रात्रीवर आली की बुवा काही दिवस मौन धरत, मग पुन्हा सकाळची वेळ येई. तिनं मागचे सगळे दिवस आठवून तक्त्याशी लावून पाहिले. प्रत्येक वेळी अर्धी भरती झालेली. समुद्र कानात सांगत असेल नसेल, पण तो सांगत होता तेच तिच्या भिंतीवर छापलेलं होतं.

ती तक्त्यासमोर उभी असतानाच दारात कुणीतरी खाकरलं. बोटीचा मालक. पांढरे बूट ओल्या फरशीवर जपून ठेवत आत आला आणि टाकीत वाकून बघू लागला.

"किती इवलीशी पिल्लं. सगळी हवेवर जगतात, नाही का?"

"हो."

"आणि हवा थांबली तर?"

"अर्ध्या तासात मरतात."

"अरेरे," मालक म्हणाला. तो हसत नव्हता, रागावलाही नव्हता. "म्हणजे तुमचं काम फारच जोखमीचं. तुम्ही इथंच लक्ष द्या. कातळावर तुम्हाला काय काम? तुमचा दादा मला मुलासारखा होता. आहे," त्यानं दुरुस्त केलं. "आहे."

तो गेला. टाक्या बुडबुडत राहिल्या. तिनं उठून पंपघराला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. असं तिनं बारा वर्षांत कधी केलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी पूर्ण ओहोटी पहाटे सरत्या अंधारात होती. उजाडताच ती गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून पायऱ्या उतरली. एरवी पाण्याखाली असणाऱ्या पायऱ्या शेवाळानं निसरड्या झाल्या होत्या. शेवटच्या पायरीवर वाकून तिनं कातळाखाली बॅटरी मारली.

कातळ आतून पोकळ होता. एका खोलीएवढी जागा, वर दगडाचं छत, समुद्राच्या बाजूनं सताड उघडी. छत आत आत तिरकं चढत गेलं होतं आणि त्याच्या टोकाला हाताच्या पंजाएवढी फट होती. फट उघडत होती नेमकी शेवटच्या पायरीजवळ.

ती वर येऊन बसली आणि भरतीची वाट पाहू लागली. पाणी चढलं. फटीचं पायरीजवळचं तोंड बुडालं, छताचा काठ जेमतेम पाण्याला टेकला. आता बाहेरून आलेली लाट कातळापाशी उभी राहायची, तिचं डोकं पुढे कोसळायचं आणि कोसळताना पुढ्यातली हवा कवेत घ्यायची, मुठीत पाखरू पकडावं तशी. ती हवा लाट आणि छत यांच्या मध्ये कोंडली जायची. मागून पाणी रेटायचं. लाट ओसरू लागली की दाबलेली हवा वाट शोधत वर सरकायची आणि फटीतून सुटायची. हुऽऽऽस.

पण श्वास केव्हा सुटणार हे बुवांना कसं कळायचं? ती समुद्राकडे बघत राहिली. आत येणारी मोठी लाट आधी बाहेरच्या काळ्या खडकावर आपटून पांढरी व्हायची. तिनं मोजायला सुरुवात केली. खडक पांढरा झाला. एक, दोन, तीन… अकरा. श्वास. पुन्हा खडक पांढरा. अकरा. श्वास. वीस लाटा मोजल्या. सतरा वेळा अकराला आवाज आला. तीन लाटा लहान होत्या, त्यांना छताखाली हवा कोंडता आलीच नाही. आणि आता तिला आठवलं, बुवांची नजर कायम लांब समुद्रावर असायची. लोकांना वाटायचं ते ध्यानात आहेत. ते खडक बघत होते. मोठी लाट दिसेपर्यंत तोंड उघडत नव्हते, आणि दिसली की सावकाश, आकडे मोजल्यासारखी हाक मारत होते.

तिला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी तिथंच ओल्या कातळावर बसून ती ढसाढसा रडली. कारण तिच्याही मनाच्या एका कोपऱ्यात कालपर्यंत दादा खाली होता.

*

गुरुवारी बुवांनी जाहीर केलं, उद्या पांढरी वाट उघडणार. समुद्र सहाच्या सहा माणसं परत द्यायला तयार आहे. पण घरच्यांनी पाण्यात उतरून हात धरायला हवा. पहिला मान इंजिनवाल्याच्या बायकोचा. तिची श्रद्धा सगळ्यांत निर्मळ.

बंदराच्या फळ्यावर त्याच दुपारी खडूनं सूचना लिहिलेली होती. दूर समुद्रात वादळ, शुक्रवारी किनाऱ्यावर अजस्र लाटा, कुणीही पाण्यात उतरू नये. बुवांनी ती वाचली असणार. मालकानंही वाचली असणार. आणि पंपाबद्दल मालकाशी झालेलं बोलणं स्वतः ऐकलेली बाई सहा घरांत एकच होती. हे त्यांच्या मनात होतं की नव्हतं, ते पुढे कुणालाच सिद्ध करता आलं नाही. पण फळ्यासमोर उभ्या असलेल्या बुडबुडेबाईनं ती सूचना पुन्हा एकदा वाचली आणि घराकडे धाव घेतली.

तिनं वहिनीला हाताला धरून केंद्रात नेलं. तिथं माणसाच्या उंचीचं काचेचं नळकांडं होतं, पाण्यानं भरलेलं. तिनं एक बाटली अर्धी भरून, झाकण लावून त्यात सोडली. बाटली पाण्यावर कशीबशी तरंगत राहिली.

"हा माणूस समज. आता बघ."

तिनं हवेची तोटी पूर्ण उघडली. तळापासून वरपर्यंत नळकांडं दुधासारखं पांढरं झालं. बाटली डुचमळली आणि दगड सोडावा तशी सरळ तळाला गेली.

"पांढरं दिसतं ते नुसतं पाणी नसतं, वहिनी. त्यात हवा मिसळलेली असते. अंग पाण्यावर तरंगतं, हवेवर नाही तरंगत. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत चटकन मिसळत नाहीत, बारीक राहतात, म्हणून फेस खूप वेळ टिकतो. त्या वाटेत पाय टाकलास तर हात मारायलासुद्धा काही लागणार नाही."

वहिनीनं वाकून तळाशी पडलेली बाटली पाहिली.

"तुम्हाला बुडबुड्यांतलं सगळं कळतं, वन्सं," ती म्हणाली. "पण माझी वाट बघणं तुम्हाला नाही कळायचं."

*

शुक्रवारी दुपारी कातळ माणसांनी काळा झाला होता. आभाळ निरभ्र होतं, वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती, आणि तरीही समुद्र उठत होता. काहीही कारण दिसत नसताना लांबच्या लांब टेकड्या पाण्यातून पुढे येत होत्या. काळा खडक दर वेळी पूर्ण बुडायचा. कातळाखालचा श्वास आता उसासा राहिला नव्हता, पायांना हादरा बसत होता. पायऱ्यांसमोरचं पाणी फेसानं पांढरंधोप झालं होतं आणि खरंच कुणीतरी वाट आखावी तसा तो पट्टा बाहेरपर्यंत गेला होता.

वहिनी चौथ्या पायरीवर उभी होती. कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक मालकाच्या दोन माणसांच्या हातात. मालक मागे गोदामाच्या भिंतीला टेकून उभा.

"वाट उघडली!" बुवांचा आवाज चढला. "पांढरं ते पवित्र! निळं ते शरीर, पांढरं तो प्राण! घाबरू नकोस पोरी, दर्या आई आहे!"

बुडबुडेबाई गर्दीतून वाट काढत खुर्चीपाशी पोचली. "बुवा, वहिनी उतरायच्या आधी मला एकदा दादाला हाक मारू द्या. सख्खी बहीण आहे मी."

बुवांनी मालकाकडे पाहिलं. पण पुढच्या रांगेतल्या बाया म्हणू लागल्या, "मारू द्या की हो. बहीण आहे." एवढ्या लोकांसमोर नाही म्हणणार कसं? बुवांनी भोंगा दिला.

तिनं काळ्या खडकाकडे पाहिलं. खडक पांढरा झाला. मनात पाच आकडे मोजून तिनं भोंगा तोंडाला लावला.

"बर्फवाले काका! ऐकताय का? ऐकत असाल तर श्वास सोडा!"

हुऽऽऽस. कातळ हादरला, फेस उसळला.

गर्दी भांबावली. गर्दीच्या मधून बर्फाच्या कारखान्यातला एक जाडजूड म्हातारा हात वर करून ओरडला, "अगं ए, मला का बुडवतेस? मी इथं उभा आहे! सकाळपासून चहासुद्धा नाही घेतला!"

कुणीतरी फिसकन हसलं. हसणं पसरायच्या आत, पुढच्या लाटेचा हिशेब धरून, ती पुन्हा बोलली, "मालक! तुम्ही खाली आहात का?"

हुऽऽऽस. या वेळी आधीपेक्षा खोल. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मालक गोदामाच्या भिंतीशी होता, पांढऱ्या बुटांसकट. त्याचा चेहरा उतरला होता.

"थट्टा!" बुवा किंचाळले. "दर्याची थट्टा! तो रागानं उत्तर देतोय! खोट्या हाकेला तो…"

"थट्टा नाही, मोजणी," ती म्हणाली. भोंगा तिनं सोडला नव्हता. "सगळ्यांनी त्या काळ्या खडकाकडे बघा. पांढरा झाला की मोजा. मोठ्यानं मोजा."

आधी बर्फवाल्यानं मोजायला सुरुवात केली, मग टपालवाल्यानं, मग जाळीवाल्या बायांनी. तीन, चार, पाच. सहाला निम्मी गर्दी मोजत होती, नवाला सगळी. "दहा! अकरा!"

हुऽऽऽस.

बुडबुडेबाईनं सांगायला सुरुवात केली, पोकळ छत, कोंडलेली हवा, ती फट, भिंतीवरचा तक्ता, वल्ह्यातली कुजबुज. आणि म्हणाली, "ज्यांना पटत नसेल त्यांनी उद्या ओहोटीला बॅटरी घेऊन या. मी स्वतः दाखवते. बुवांवर विश्वास ठेवू नका आणि माझ्यावरही नको. डोळ्यांनी बघा."

पण वहिनी वळली नव्हती. ती समुद्राकडे तोंड करूनच उभी होती. आणखी एक खडक पांढरा झाला. तिचे ओठ हलताना बाजूनं दिसले. ती मोजत होती. या वेळी कुणी हाक मारली नाही. तिनंही नाही. बुवा नाही, बहीण नाही, साऱ्या कातळावर एक शब्द नाही. अकराला समुद्रानं श्वास सोडला. पुन्हा खडक पांढरा झाला. पुन्हा कुणी काही विचारलं नाही. पुन्हा तोच श्वास.

"वन्सं," वहिनीचा आवाज आला. "हा कुणालाच उत्तर देत नाहीये."

ती मागे फिरली, वर यायला पाय उचलला, आणि तेवढ्यात मागून टेकडी आली. चौथी पायरी नाहीशी झाली. वहिनी नाहीशी झाली. पांढऱ्या फेसात तिचा एक हात वर आला आणि कशावर तरी दाबल्यासारखा खाली गेला, जणू त्याखाली पाणीच नव्हतं. मालकाची दोन माणसं दोर टाकून मागे पळाली. दोर सळसळत खाली जाऊ लागला.

बुडबुडेबाईनं त्याच्यावर अंग टाकलं. तिच्या तळहातांची सालटी निघाली. बर्फवाल्यानं तिला मागून धरलं, त्याला टपालवाल्यानं, आणि मग जाळीवाल्या बायांनी दोर हातात घेतला. दोरावरच आयुष्य गेलं होतं त्यांचं. "ओढा गं!" तीन वेळा वहिनी फेसाबाहेर दिसली आणि तीन वेळा आत गेली. चौथ्या वेळी लाट ओसरली आणि ती पायऱ्यांवर आपटत वर आली. कपाळ फुटलं होतं, ओठ निळे पडले होते, पण ती खोकत होती.

सगळ्यांनी वर पाहिलं तेव्हा खुर्ची रिकामी होती. निळा झगा गोदामामागच्या रस्त्यावर सापडला. मालक मात्र जाऊ शकला नव्हता, कारण बर्फाच्या कारखान्यातल्या पंधरा जणांनी त्याच्याभोवती कडं केलं होतं. त्यांनी त्याला हात लावला नाही. नुसते उभे राहिले.

*

पाचला दहा मिनिटं कमी असताना बंदर कार्यालयाचं दार उघडलं. चौकशी अधिकारी बाई फाइल बांधत होत्या. समोर एक भिजलेली, कपाळाला फडकं बांधलेली बाई आणि तिला धरून रक्ताळलेल्या हातांची दुसरी.

"जबाब द्यायचाय," वहिनी म्हणाली.

अधिकारी बाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, कागद पुढे ओढला. "नाव? म्हणजे… ज्यांच्याबद्दल द्यायचाय त्यांचं."

वहिनीनं नाव सांगितलं. मग पुढचा शब्द तिनं स्वतःच उच्चारला, कुणी विचारायच्या आत. "मयत." तो शब्द बाहेर पडल्यावर तिनं टेबलाची कड धरली. नणंदेनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो तिनं झिडकारला नाही, पण तिच्याकडे पाहिलंही नाही. त्या दोघींचं पूर्वीसारखं व्हायला बरेच महिने लागले.

"लिहा," वहिनी म्हणाली. "पाणी उपसायचा पंप दोन महिने बंद होता. माझ्या नवऱ्यानं मालकांना तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी दारात उभी होते. मी ऐकलंय."

"हे आधी का नाही सांगितलंत? चार आठवडे झाले."

वहिनीनं खिडकीबाहेर पाहिलं. कातळ तिथून दिसत नव्हता, पण आवाज येत होता.

"आम्ही समुद्राला विचारत बसलो होतो," ती म्हणाली.

पाच वाजून गेले तरी अधिकारी बाईंनी फाइल बांधली नाही. साडेपाचला बोट चालवणाऱ्या तांडेलाचे वडील आले, सहाला आणखी दोन घरं. रात्रीच्या आत सहाही जबाब झाले. पुढे मालकाचा परवाना गेला, खटला उभा राहिला, आणि बंदरातल्या बाकीच्या एकोणीस बोटी तपासल्या तेव्हा त्यांतल्या सात बोटींचे पंप बंद निघाले. सात बोटींवर चाळीसएक माणसं होती. ती आज घरी जेवतात.

कातळ अजून श्वास टाकतो. ज्याला हवं त्यानं अर्ध्या भरतीला जाऊन ऐकावा, मोजून बघावा, लाट हवा कशी कोंडते आणि कशी सोडते ते डोळ्यांनी पाहावं. पाहण्यासारखंच आहे ते. फक्त त्याला काही विचारू नये. आपल्या माणसाचं काय झालं हे जाणून घ्यायचं असेल तर ज्याला तोंड आहे त्याला विचारावं, आणि त्यानं उत्तर टाळलं तर पुन्हा विचारावं.